माफीनाम्यानंतरची फेरभेट

(दारव्हा इथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे, लांबलेला थोडा भाग गाळला आहे.)



मला जो विषय दिला तो कागदावर असा लिहिला होता: 'टीव्ही-रेडिओवरून जातीबद्दल, वंशाबद्दल अपमानकारक बोलणाऱ्यांची जाहीर माफी खरी असते का?' मी आधी नाही म्हणणार होते. खरी की खोटी हे सांगायचं तर समोरच्याच्या काळजात उतरावं लागतं, आणि तेवढी माझी पोच नाही. मग वाटलं, अरे, हे काम तर आपण वर्षानुवर्षं करतोच आहोत. सल्ला केंद्राच्या टेबलावर बसून आपण आजवर कितीतरी माफीनामे लिहून घेतले आहेत. मग आपल्यालाच हे बोलायचा अधिकार नाही तर कुणाला?

सुरुवातीची वर्षं आठवा. बायकोला मारणारा नवरा यायचा, बरोबर त्याचा मामा, पोलीस पाटील, एखादा सरपंच. शंभराचा स्टॅम्पपेपर निघायचा. त्यावर ठरलेला मजकूर: 'माझ्याकडून काही चूक झाली असल्यास मी माफी मागतो, यापुढे पत्नीस चांगले वागवीन.' खाली सही. नवरा कधी कधी ढसाढसा रडायचा. आम्हालाही भरून यायचं. फाईल बंद. आणि तीन आठवड्यांनी तीच बाई हिरवानिळा दंड घेऊन परत दारात.

तेव्हा आपण शिकलो. 'चूक झाली असल्यास' लिहू द्यायचं नाही. कोणत्या दिवशी, कशाने मारलं, हे त्यानेच त्याच्या तोंडाने सांगायचं. माफी बापाकडे नाही, भावाकडे नाही, तिच्याकडे मागायची. आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी न सांगता घरी जाऊन पाहायचं, ती फेरभेट. आपल्या फॉर्मवर 'नवरा रडला का' असा रकाना नाही, लक्षात आहे ना? तो मुद्दामच ठेवलेला नाही. तर मी आज तोच फॉर्म घेऊन टीव्हीवाल्यांकडे निघाले आहे.

पहिली गोष्ट आपल्या जवळची. ऑक्टोबर २०२० मध्ये कलर्स वाहिनीवर 'बिग बॉस'च्या चौदाव्या पर्वात गायक कुमार सानूंचा मुलगा जान सानू दुसऱ्या स्पर्धक मुलीला म्हणाला, माझ्याशी मराठीत बोलू नकोस, मला चीड येते. २७ तारखेला भाग दाखवला गेला. मनसेने चोवीस तासांची मुदत दिली, शिवसेनाही उठली. दुसऱ्याच दिवशी वाहिनीने थेट मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाला माफीचं पत्र पाठवलं आणि तो भाग पुढच्या प्रक्षेपणांतून काढू असं कळवलं. जानने कार्यक्रमात हात जोडले. एक दिवस, मैत्रिणींनो! त्याआधीच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, 'कौन बनेगा करोडपती'च्या एका प्रश्नात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव कुठल्याही उपाधीशिवाय नुसतं 'शिवाजी' असं आलं, तर सोनी वाहिनीने माफी मागितली, अमिताभ बच्चननेही मागितली.

आता राग येऊ नये असं मी म्हणत नाही. जान सानूचं ऐकून मलाही राग आला. मराठी माझ्या आईची भाषा आहे. पण पत्र कुणाच्या नावाने गेलं ते पाहा. मुख्यमंत्र्यांच्या. घराघरांत तो कार्यक्रम पाहणारी मराठी बाई त्यात कुठे नव्हती. अपमान लोकांचा आणि माफी खुर्चीकडे, म्हणजे बायकोला मारून सासऱ्याकडे माफी मागण्यातलाच प्रकार. ज्याच्यापासून धोका आहे त्याला शांत करायचं, की काम झालं. अशा माफीत भीती खरी असते एवढं नक्की म्हणता येईल.

ज्यांची भीती वाटत नाही त्यांच्या बाबतीत काय होतं? नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डान्स दीवाने' या नाचाच्या कार्यक्रमातली एक चित्रफीत सगळीकडे फिरली. गुवाहाटीहून आलेली एक लहान मुलगी स्पर्धक होती. सूत्रसंचालक राघव जुयाल तिची ओळख करून देताना 'मोमो', 'चायनीज' असं काहीबाही बडबडला आणि समोरची माणसं हसली. हसण्यावारी नेण्याची गोष्ट ही नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी मारहाणीत गेला, आणि त्या भांडणाची सुरुवात त्याच्या रूपाची, केसांची टिंगल करण्यापासून झाली होती. मार्च २०२० मध्ये दिल्लीतच एका मणिपुरी मुलीला 'कोरोना' म्हणत तिच्यावर एक माणूस थुंकला. तर त्या चित्रफितीबद्दल आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सर्मा बोलले आणि मग राघवचा खुलासा आला. संदर्भ तोडून दाखवलं, त्या मुलीनेच आपल्याला चिनी बोलता येतं असं गमतीने सांगितलं होतं, माझे मित्र ईशान्येकडचे आहेत, आणि हो, दुखावले असाल तर माफ करा. यात मला सगळ्यात खटकलं ते हे की दोष फिरून त्या पोरीकडेच गेला. आपल्या टेबलावर हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! 'तिनेच सुरुवात केली, मॅडम.'

त्याच वर्षी मे महिन्यात 'तारक मेहता का उल्टा चश्मा' या मालिकेतल्या मुनमुन दत्ता आपल्या चित्रफितीत म्हणाल्या की मला छान दिसायचं आहे, अमक्यासारखं दिसायचं नाही. हा 'अमका' म्हणजे कोण, तर ज्यांच्या माथी शतकानुशतकं गावाची घाण उचलण्याचं काम मारलं त्या जातीचं नाव. तो शब्द मी इथे उच्चारत नाही. पण नुसतं 'एक आक्षेपार्ह शब्द' म्हणून झाकतही नाही, कारण काय घडलं ते नीट कळायला हवं: एका अख्ख्या जातीचं नाव 'कुरूप' या अर्थाचं विशेषण म्हणून वापरलं गेलं. ॲट्रॉसिटी कायद्याखाली निरनिराळ्या राज्यांत गुन्हे नोंदले गेले. त्यांनी माफी मागितली आणि म्हटलं की भाषेच्या अडचणीमुळे मला अर्थ ठाऊक नव्हता. असेलही. पण अर्थ ठाऊक नसताना तो शब्द बरोबर 'घाणेरडं दिसणं' याच जागी कसा येऊन बसला? शब्दाचा अर्थ माहीत नसला तरी त्याची जागा माहीत असते. जात अशीच शिकवली जाते, घरात, आरशासमोर, आईच्या तोंडून. 'तशी राहू नकोस, ...सारखी दिसतेस.' त्या गाळलेल्या जागी आपल्या घरात कोणता शब्द होता ते प्रत्येकीने आठवून पाहावं.

आता जी गोष्ट सांगते तिने मला फार विचार करायला लावला. जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या चॅनल फोरवर 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' चालू होतं. त्यात आपली शिल्पा शेट्टी होती. तिथल्या जेड गुडी आणि आणखी दोघींनी तिच्या बोलण्यावरून, स्वयंपाकावरून तिचा छळ मांडला. जेडने तिला आडनावाच्या जागी 'पापडम' म्हटलं. चव्वेचाळीस हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. वाहिनी सुरुवातीला म्हणत राहिली की यात वंशद्वेष नाही, बायकांचं भांडण आहे. (बायकांचं भांडण! हे शब्द सगळ्या जगात कामाला येतात.) प्रायोजकाने पैसा थांबवला. मे महिन्यात तिथल्या नियामक संस्थेने, ऑफकॉमने, वाहिनीला दोषी धरलं आणि तो निर्णय तीन वेगवेगळ्या वेळी त्याच वाहिनीवरून दाखवायला लावला. जेड रडली, अनेक ठिकाणी माफी मागितली, भारतात येऊन गेली. लोक म्हणाले, ढोंग आहे, धंदा बुडाला म्हणून रडते. पुढे २००८ मध्ये ती आपल्याकडच्या 'बिग बॉस'मध्ये आली, तेव्हा सूत्रसंचालक शिल्पा शेट्टीच होती. तिथेच जेडला कर्करोग झाल्याचं कळलं. मार्च २००९ मध्ये ती गेली. तिच्या मनात काय होतं ते तिच्याबरोबर गेलं. शिल्पाने तिला माफ केलं होतं, आणि तो अधिकार शिल्पाचाच.

पण दहा वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, तीच शिल्पा शेट्टी आणि सलमान खान यांच्यावर राजस्थानात चुरूला गुन्हा दाखल झाला. का? टीव्हीवरच्या एका मुलाखतीत तोच शब्द, जो मी मघाशी उच्चारला नाही. शिल्पाने माफी मागितली: माझ्या बोलण्याचा वेगळा अर्थ काढला गेला, कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता, दुखावले असतील तर क्षमस्व. २०२४ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, अपमान करण्याचा हेतू दिसत नाही म्हणून. कायद्याच्या दृष्टीने ते तिथे संपलं. माझं म्हणणं कायद्याचं नाही. वंशाच्या अपमानाचा चटका जिने स्वतः, सगळ्या जगासमोर सोसला, तिलाही जातीच्या अपमानाची झळ आपल्या जिभेवर लागली नाही. हे मी तिला हिणवायला सांगत नाही. सोसल्याने माणूस आपोआप शहाणं होतं ही आपल्या चळवळीतली एक लाडकी समजूत आहे, तिच्यासाठी सांगते आहे. आपण बाई म्हणून सोसलं म्हणजे आपल्याला सगळं कळतं, असं मलाही वाटत होतं. त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी अमेरिकेतला एक माणूस सांगते, कारण त्याने एक गोष्ट केली जी या बाकीच्यांनी केली नाही. एप्रिल २००७. डॉन आयमस हा मोठा रेडिओवाला. रटगर्स विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता, त्यात बहुतेक मुली काळ्या. आयमसने त्यांच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून एकाच दमात असा शब्दप्रयोग केला की वंशाची शिवी कुठे संपते आणि बाईपणाची कुठे सुरू होते ते वेगळं काढता येऊ नये. मग माफ्या सुरू झाल्या. मी वाईट माणूस नाही, कर्करोग झालेल्या मुलांसाठी मी शिबिर चालवतो, त्यात काळी मुलंही असतात, वगैरे. जाहिरातदार पळाले, १२ एप्रिलला नोकरी गेली. पण त्याच संध्याकाळी तो गव्हर्नरच्या निवासस्थानी त्या मुलींसमोर, त्यांच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्यासमोर जाऊन बसला. मुलींनी काय वाटलं ते त्याला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. नंतर त्यांनी माफी स्वीकारल्याचं जाहीर केलं. डिसेंबरात तो दुसऱ्या केंद्रावर पुन्हा बोलू लागला, हेही सांगायला हवं. तरी समोर जाऊन बसला. ज्यांना बोललो त्यांच्या डोळ्यांसमोर बसायचं आणि आपण गप्प राहायचं, हे कॅमेऱ्यासमोर हात जोडण्याहून पुष्कळ अवघड आहे.

जरा आपल्या भाषेकडे पाहा. मराठीत यासाठी एक सोयीचा शब्द आहे, 'दिलगिरी'. आपल्या भागात तर तो चांगलाच परिचयाचा. २०१७ साली तुरीच्या भावावरून रावसाहेब दानवे शेतकऱ्यांना 'साले' म्हणाले, तेव्हाही दिलगिरीच व्यक्त झाली होती. दिलगीर म्हणजे मुळात खिन्न, उदास. म्हणजे दिलगिरी व्यक्त करणारा स्वतःच्या मनाची स्थिती सांगतो: मला वाईट वाटतं आहे. कशाचं? पकडलं गेल्याचंही असू शकतं. आणि वाक्यं कशी, तर 'शब्द निघून गेला', जसा काही दाव्याची गाय सुटून गेली. 'भावना दुखावल्या गेल्या.' कुणी दुखावल्या? वाक्यात करणारा कुणी नाहीच. आपली वऱ्हाडी बाई चूक कबूल करते तेव्हा म्हणते, 'चुकलं माह्यं.' दोन शब्द, त्यातला एक 'माह्यं'. तो एक शब्द टीव्हीवरच्या माफीत मी अजून ऐकलेला नाही.

आणि मीही तो उच्चारला नव्हता. आता माझीच फाईल उघडते.

२०१९ सालची गोष्ट. दसरा-दिवाळीच्या दिवसांत शहरात मंगळसूत्र हिसकावण्याचे प्रकार झाले. इथल्या एका केबल चॅनलने बायकांच्या सुरक्षेवर चर्चा ठेवली, आणि बायकांची कार्यकर्ती म्हणून मला बोलावलं. मी तावातावाने बोलले. रस्त्यावर दिवे नाहीत, पोलीस तक्रार घेत नाहीत, सगळं बरोबर होतं. मग निवेदकाने विचारलं, हे करतं कोण, ताई? आणि मी क्षणभरही न थांबता म्हणाले, 'सणासुदीला पारध्यांच्या टोळ्या उतरतात ना.'

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. मी कुणबी घरातली. लहानपणी आजी झोपवताना म्हणायची, दार लाव, पारधी येतील. ते वाक्य पन्नास वर्षं आत झोपून होतं, कॅमेरा लागला आणि उठून बसलं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये गेला, हे मी स्वतः शिबिरांत फळ्यावर लिहून शिकवत होते. तरीही.

ती चित्रफीत मोबाईलवरून फिरली. दोन-चार तरुण पोरांनी चॅनलला जाब विचारला. मालक घाबरला. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा बसवलं आणि मी माफी मागितली. शब्द माझे मला पाठ आहेत: 'माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे. माझं सारं आयुष्य वंचितांच्या कामात गेलं आहे.' घरी आले तेव्हा खरंच हलकं वाटलं. फोन आले, ताई, मन मोठं आहे तुमचं. म्हणजे शिवी दिली मी आणि कौतुकही माझंच!

आमच्या एका बचत गटात पारधी बेड्यावरच्या एक मावशी यायच्या. वयाने माझ्याहून मोठ्या. त्या दोन बैठकांना आल्या नाहीत, म्हणून मी बेड्यावर गेले. मनात असं की माझी माफी त्यांनी पाहिली असेल, थोडं बोलू, चहा होईल. मावशी अंगणात काड्या फोडत होत्या. मी म्हटलं, मावशी, तुमच्या भावना दुखावल्या असतील... त्यांनी मला मधेच थांबवलं.

'भावनेचं जाऊ द्या, ताई. तुमी टीव्हीत बोलल्या, दुसऱ्या दिवशी माह्या नातीले वर्गातल्या पोट्ट्यायनं इचारलं, तुह्या घरी कोणाची पोत हाये म्हणून. पोरगी शाळेत जात नाही आता.'

मी गप्प. मग त्यांनी विचारलं, 'तुमी पाह्यलं होतं काय, कोणं नेली पोत ते?'

'नाही, मावशी.'

'मंग तेवढंच सांगा ना. पारधी चांगले हायेत असं नोका सांगू. तुमी पाह्यलं नव्हतं, तेवढं सांगा टीव्हीत.'

त्याच आठवड्यात बेड्यावरची दोन पोरं पोलिसांनी चौकशीला नेली होती. रात्रभर बसवून सोडली. माझ्या बोलण्यामुळेच नेली असं मी म्हणू शकत नाही. सणावाराला बेड्यावर गाडी जाते ती माझ्या आधीपासून. पण त्या रात्री गाडी गेली तेव्हा शहरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, आणि ते न वाटण्यात माझा वाटा होता. भावना हा शब्द किती लहान आहे बघा. शाळा सुटली, रात्र ठाण्यात गेली, आणि माफी मागायची ती भावनेची!

मी चॅनलच्या मालकाकडे गेले. म्हटलं, मला दोन मिनिटं द्या, मी पाहिलं नव्हतं, माहिती नसताना बोलले, एवढंच सांगते. तो म्हणाला, 'ताई, तुमची माफी झाली ना? विषय संपला. आता पुन्हा काढलं तर लोकांना वाटेल काहीतरी आहेच.' तीनदा गेले. शेवटी म्हणाला, खाली पट्टीत टाकतो, खेद व्यक्त केला म्हणून. मी नको म्हटलं. मग २०२० चा मार्च आला, सगळंच बंद पडलं, पुढे ते चॅनलही बंद झालं. जे वाक्य मावशींनी मागितलं ते त्या पडद्यावर कधीच आलं नाही. तेव्हा मला कळलं की वाहिनीला माफी कशासाठी हवी असते. विषय मिटवण्यासाठी. आणि ज्याला लागलं आहे त्याच्यासाठी विषय तिथून सुरू होतो, त्याला कुणीतरी काय घडलं ते नीट सांगायला हवं असतं.

हे वाहिन्यांच्या मर्जीवर सोडावं लागत नाही, हेही नोंदवून घ्या. शायर आणि वैज्ञानिक गौहर रझा यांना झी न्यूजने २०१६ मध्ये देशद्रोह्यांच्या टोळीत बसवलं. ते वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्या नियामक मंडळाकडे गेले आणि २०१७ मध्ये मंडळाने वाहिनीला एक लाखाचा दंड केला, शिवाय माफी कशी दाखवायची तेही सांगितलं: पूर्ण पडद्यावर, मोठ्या अक्षरात, स्पष्ट आवाजात, सावकाश वाचून. खालच्या पळत्या पट्टीत नाही. केबलच्या कार्यक्रम नियमांतही समाजगटांची अवहेलना करणारं दाखवायला मनाई आहे. वर्तमानपत्रांसाठी प्रेस कौन्सिलने कधीचं सांगितलं आहे की आरोपीची जात विनाकारण छापू नका. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवताना पोलिसांनाही बजावलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होता कामा नये. तरी उद्याच्या बातमीत 'पारधी टोळी' असेलच. 'कुणबी टोळी', 'ब्राह्मण टोळी' असं कधी वाचलंय का कुणी?

मघाशी एका ताईंनी मला विचारलं, मग तुमची पहिली माफी खोटी होती का? नाही हो. त्या वेळी मला मनापासून वाईट वाटलं होतं. डोळ्यांत पाणीही आलं होतं. नवऱ्यांच्याही येतं. खरं वाटणं आणि उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या फॉर्ममध्ये पहिलीला जागा नाही.

पडद्यावर जमलं नाही ते मी जमेल तिथे सांगितलं. शांतता समितीच्या बैठकीत पोलीस अधिकाऱ्यांसमोर सांगितलं. शाळेत जाऊन शिक्षकांना सांगितलं, वर्गात मात्र नाही, पोरीकडे पुन्हा सगळ्यांच्या नजरा वळल्या असत्या. आज तुमच्यासमोर सांगते आहे, आणि हे अंकात छापलं जावं असं मी संपादकांना म्हटलं आहे: २०१९ मध्ये मी टीव्हीवर पारधी समाजाला चोर म्हटलं. मी काही पाहिलं नव्हतं. मला काही माहीत नव्हतं. चुकलं माझं.

नात वर्षभराने दुसऱ्या शाळेत गेली. मावशी बचत गटात परत आल्या नाहीत. भेटल्या की बोलतात, चहा देतात, पण आल्या नाहीत, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. फेरभेट त्यांनी माझ्याकडे करायची आहे, मी त्यांच्याकडे नव्हे.

पुढच्या महिन्यात बेड्यावरच्या बायकांनी आपली आपण एक बैठक ठेवली आहे. इथल्या स्थानिक चॅनलांना आणि वर्तमानपत्रांना 'टोळी' या शब्दाबद्दल पत्र द्यायचं आहे, त्याचा मजकूर त्या ठरवणार आहेत. मला 'या' म्हटलं आहे, 'बोला' म्हटलेलं नाही. मी जाऊन बसणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल त्यांनी आज जाण्याआधी मला नाव सांगा, सकाळची पहिली एसटी धरावी लागेल.